आयनीभूत वायू हेच कृष्णद्रव्य का असू शकत नाही?

नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "सर, साधा हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ रेषेवर दिसतो, कारण त्यात प्रोटॉनसोबत इलेक्ट्रॉन असतो. आयनीभवन झालं की नुसता प्रोटॉन उरतो आणि त्याला वर्णरेषाच नसतात. मग आकाशगंगेभोवती असा वायू प्रचंड प्रमाणात पसरलेला आहे आणि त्यालाच आपण कृष्णद्रव्य म्हणतो आहोत, असं का असू नये? आम्ही पेंचला आकाश बघायला गेलो होतो. तेव्हा आकाशगंगेच्या पट्ट्यात मध्ये मध्ये काळे डाग दिसले, ते काय असतात? आणि नागपुरात राहून यातलं काही स्वतः मोजता येईल का?"

पहिला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून सगळ्यात जास्त जागा त्यालाच देतो. कृष्णद्रव्य म्हणजे जे स्वतः दिसत नाही, पण ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं असं द्रव्य. थोडक्यात उत्तर असं, की आयनीभूत वायू दिसायला अवघड असला तरी त्याला लपता येत नाही. प्रोटॉनपासून सुटलेला इलेक्ट्रॉन नाहीसा होत नाही, तिथेच मोकळा फिरत राहतो. त्याच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे जवळून जाणाऱ्या प्रत्येक रेडिओ लहरीवर तो आपली खूण सोडतो. माझं सगळं काम या खुणा मोजण्याचंच आहे. त्या मोजून इलेक्ट्रॉनांचा जो आकडा हाती येतो, तो कृष्णद्रव्यासाठी लागणाऱ्या आकड्याच्या जवळपासही पोचत नाही.

काळ्या डागांचं आधी सांगून टाकतो. पेंचचं आकाश म्हणजे देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचं आकाश, तिथून धनु राशीपासून हंसापर्यंत आकाशगंगेचा पट्टा उभा चिरल्यासारखा दिसतो. ती चीर धुळीची आहे. थंड वायूच्या ढगांत मिसळलेले सिलिकेट आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात. अवरक्त दुर्बिणीने पाहिलं की त्याच चिरेमागचे तारे स्पष्ट दिसतात. कृष्णद्रव्य प्रकाश अडवत नाही, त्याच्यातून प्रकाश आरपार जातो. म्हणून वर्तमानपत्रांतल्या चित्रांत ते काळ्या धुक्यासारखं रंगवलेलं मला खटकतं. ते चित्र बघूनच हा गोंधळ होतो.

आयनीभूत वायू मात्र त्या रात्री तू डोळ्यांनी पाहिला असण्याची शक्यता आहे. धनु राशीतला एम-८, म्हणजे लगून तेजोमेघ, पेंचसारख्या आकाशात साध्या डोळ्यांनाही पुसट ठिपक्यासारखा दिसतो. हिवाळ्यात मृगातल्या तीन ताऱ्यांच्या खाली, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर असलेला तेजोमेघ तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हे आयनीभूत हायड्रोजनचेच ढग. तापलेले तरुण तारे अतिनील किरणांनी तिथले अणू फोडत राहतात. आता तुझ्या युक्तिवादातली पहिली फट इथेच आहे. नुसत्या प्रोटॉनला वर्णरेषा नसतात हे खरं, पण प्रोटॉन कायमचा नुसता राहत नाही. मधूनच एखादा इलेक्ट्रॉन त्याच्या हाती लागतो आणि ऊर्जेच्या पायऱ्या उतरत खाली येतो. त्यातल्या तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. तीच हायड्रोजन-अल्फा रेषा. तेजोमेघांच्या फोटोंतला तांबडा रंग तिचाच असतो.

हा प्रकाश फक्त ढगांपुरता नाही. १९६३ मध्ये हॉइल आणि एलिस यांनी कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरींच्या शोषणावरून असं सुचवलं, की आकाशगंगेच्या चकतीभर विरळ आयनीभूत वायूचा थर पसरलेला असावा. पुढे १९७० च्या दशकात रॉन रेनॉल्ड्स यांनी त्या थराचा अतिशय फिकट लाल प्रकाश प्रत्यक्ष मोजला, आणि विस्कॉन्सिन एच-अल्फा मॅपर या उपकरणाने सगळ्या आकाशाचा नकाशा काढला. आकाशात कुठेही उपकरण रोखा, थोडा तरी हायड्रोजन-अल्फा येतोच. हा थर साधारण ८००० केल्व्हिन तापमानाचा आहे आणि चकतीच्या वर-खाली एक ते दोन किलोपार्सेकपर्यंत, म्हणजे काही हजार प्रकाशवर्षं, पसरलेला आहे.

यावर तू म्हणशील, आणि म्हणायलाच हवं, की हा प्रकाश घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही भेटले तरच तो निघतो, म्हणून वायू दहापट विरळ केला की उजेड शंभरपट कमी होतो. म्हणजे पुरेसा विरळ वायू पुरेशा मोठ्या जागेत पसरला तर भरपूर वस्तुमान असूनही तो जवळजवळ अंधारात राहील. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच असं मोजमाप हवं, की जे घनतेच्या वर्गावर नाही तर सरळ घनतेवर चालेल, प्रत्येक इलेक्ट्रॉन एकदाच आणि सारखाच मोजेल. ते मोजमाप स्पंदकांनी, म्हणजे पल्सारांनी, आपल्याला दिलं.

१९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला स्पंदक सापडला. हे स्वतःभोवती फिरणारे न्यूट्रॉन तारे दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका पाठवतात. ठोका निघतो तेव्हा सगळ्या कंप्रता एकाच क्षणी निघालेल्या असतात. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन असले की कमी कंप्रतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. वर्धा रोडवर एकाच सिग्नलवरून सुटलेल्या बस आणि स्कूटरमधलं अंतर रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे वाढत जातं, तसंच हे. अंतर किती पडलं त्यावरून वाटेत गर्दी किती होती ते सांगता येतं.

पुण्याजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीची नोंद संगणकावर उघडली की आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर कंप्रता असते. ठोका सरळ उभ्या रेघेसारखा दिसत नाही. वर, जास्त कंप्रतेकडे तो आधी उमटतो आणि खाली येता येता उजवीकडे वळत जातो. ती वळलेली रेघ मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्या वळणावरून स्पंदक जवळचा की चकतीच्या दाट भागातला याचा अंदाज येतो. गणित सोपं आहे. एक गिगाहर्ट्झला होणारा विलंब म्हणजे ४.१५ मिलिसेकंद गुणिले वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज. ही बेरीज म्हणजे दर घन सेंटीमीटरला असलेले इलेक्ट्रॉन गुणिले पार्सेकमधलं अंतर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). कंप्रता निम्मी केली की विलंब चौपट होतो. क्रॅब तेजोमेघातल्या स्पंदकाची बेरीज ५७ च्या जवळ आहे. म्हणजे ४०० मेगाहर्ट्झला त्याचा ठोका जवळजवळ दीड सेकंद उशिरा पोचतो. स्वतः तो तारा सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारतो, तरीही हा विलंब दशांशानंतर कित्येक घरांपर्यंत मोजता येतो. क्रॅब दोन हजार पार्सेकवर आहे. भागाकार केला की सरासरी निघते दर घन सेंटीमीटरला ०.०३ इलेक्ट्रॉन.

आता तुझ्या कल्पनेची परीक्षा घेऊ. सूर्याच्या परिसरात कृष्णद्रव्य किती असायला हवं, हे ताऱ्यांच्या हालचालींवरून काढलेलं आहे. ते दर घन सेंटीमीटरला साधारण ०.४ प्रोटॉनच्या वजनाइतकं भरतं. समजा हे सगळं आयनीभूत हायड्रोजनच आहे. मग प्रत्येक प्रोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन आलाच, म्हणजे घनता ०.४ इलेक्ट्रॉन. क्रॅबपर्यंतची बेरीज त्या हिशोबाने ८०० च्या वर जायला हवी. प्रत्यक्षात ती ५७ आहे.

क्रॅब चकतीतच आहे, म्हणून कदाचित तुझं समाधान होणार नाही. कृष्णद्रव्य तर चकतीच्या बाहेर, मोठ्या गोलाकार प्रभामंडलात जास्त आहे. तिथे पोचण्यासाठी गोलाकार तारकागुच्छांतले स्पंदक कामी येतात. त्यांचं अंतर ताऱ्यांवरून स्वतंत्रपणे कळतं, हा त्यांचा मोठा फायदा. दक्षिणेकडचा ४७ टुकानी हा गुच्छ ४५०० पार्सेकवर आहे, नागपुरातून तो क्षितिजावर येतच नाही. त्यातल्या स्पंदकांची बेरीज २४ च्या थोडी वर. स्वातीच्या पश्चिमेला अरुंधती केश तारकासमूहात एम-५३ नावाचा गुच्छ आहे, तो जवळजवळ १८,००० पार्सेकवर, म्हणजे चौपट लांब. तिथल्या स्पंदकाची बेरीज २४. अंतर चौपट आणि इलेक्ट्रॉन तितकेच! याचा अर्थ सरळ आहे. दोन्ही वाटा चकतीच्या जाड थरातून बाहेर पडल्या आणि त्यानंतरच्या प्रवासात त्यांना फारसं काही भेटलंच नाही. कृष्णद्रव्य आयनीभूत वायू असतं तर पहिला आकडा दीड-दोन हजार आणि दुसरा तीन-चार हजार आला असता. प्रभामंडलात वायू नाही असं मी म्हणत नाही, आहे, त्याच्याकडे येतोच. पण तो या हिशोबात मोजूनमापून बसतो.

याहून लांबचा पुरावा अलीकडेच हाती आला. सप्तर्षीजवळची एम-८१ ही दीर्घिका सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या एका गोलाकार गुच्छातून २०२० मध्ये एक वेगवान रेडिओ स्फोट, म्हणजे क्षणभराचा जोरदार रेडिओ ठोका, टिपला गेला. त्याच्या वाटेवर आपली चकती आली, आपलं संपूर्ण प्रभामंडल आलं, मधली पोकळी आली आणि त्या दीर्घिकेचं प्रभामंडलही आलं. एवढं सगळं मिळून बेरीज झाली ८८. त्यातल्या तीस-चाळीसांचा हिशोब आपल्या चकतीतच लागतो. उरलेल्या पन्नासात आपल्या आकाशगंगेचं सगळं प्रभामंडल बसवायचं आहे. कृष्णद्रव्य इलेक्ट्रॉनांसकट असतं तर इथेही हजारांचा आकडा आला असता. माझ्या दृष्टीने तुझ्या प्रश्नाचा निकाल एवढ्या एका मोजमापाने लागतो.

मग वजनांचा जमाखर्च नेमका कसा आहे? आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं वस्तुमान पाच ते सहा हजार कोटी सूर्यांइतकं आहे. थंड हायड्रोजन आणि हेलियम मिळून आणखी हजार कोटी. चकतीतला तो आठ हजार केल्व्हिनचा आयनीभूत थर दीडशे-दोनशे कोटींच्या घरात. या साऱ्याचं गुरुत्वाकर्षण धरून २० किलोपार्सेकवर ताऱ्याचा वेग काढला तर तो सेकंदाला १२० किलोमीटरच्या आसपास येतो. सेफीड, म्हणजे ठरावीक लयीत तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांवरून २०१९ मध्ये मोजलेला आणि पुढे गाया उपग्रहाच्या माहितीवरून तपासलेला वेग तिथे २०० च्या वर आहे. वेगाचा वर्ग वस्तुमानाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तिथवरच जवळपास तिप्पट वस्तुमान हवं, आणि बाहेर जाऊ तसा हा फरक वाढतो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेत हीच गोष्ट दाखवली होती. आकाशगंगेचं एकूण वस्तुमान एक लाख कोटी सूर्यांच्या आसपास धरतात. गायाच्या आकडेवारीवरून २०२३ मध्ये एका गटाने बाहेरच्या भागात वेग उतरतो असं दाखवून एकूण वस्तुमान फक्त वीस हजार कोटी सूर्यांइतकं काढलं. त्यावर वाद चालू आहे. मला तो आकडा फार कमी वाटतो, कारण लांबच्या उपदीर्घिकांच्या हालचालींशी तो जुळवणं कठीण जातं. पण तो खरा धरला तरी एकूण वस्तुमान दिसणाऱ्या द्रव्याच्या जवळजवळ तिप्पट भरतंच.

आता एक मुद्दा असा, की जो मला मोजमापांपेक्षाही जास्त पटतो. वायू असता तर तो तिथे टिकलाच नसता. आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाला तोलून धरायचं तर वायूचं तापमान वीस लाख केल्व्हिनच्या आसपास हवं. अशा तापमानाला वायू क्ष-किरणांतून ऊर्जा गमावतो. सूर्याच्या परिसरात ०.४ प्रति घन सेंटीमीटर घनतेचा असा वायू ठेवला तर तो साधारण दहा लाख वर्षांत थंड होऊन खाली बसेल. आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त आहे. म्हणजे हे प्रभामंडल कधीच कोसळून चकतीत जमा झालं असतं, त्याचे तारे झाले असते, आणि ते होताना क्ष-किरणांत सगळं आकाश लखलखून गेलं असतं.

खरं तर आपली चकती अशाच तऱ्हेने घडली. साध्या द्रव्याला ऊर्जा बाहेर टाकता येते, म्हणून ते थंड होतं, आकसतं, फिरता फिरता चपटं होतं. कृष्णद्रव्याला ऊर्जा बाहेर टाकण्याची वाटच नाही. त्याचे कण आले तसे आत शिरतात, पलीकडून बाहेर जातात, पुन्हा येतात, आणि म्हणून ते आजही मोठ्या गोलाकार पसाऱ्यात आहे. चकती आणि प्रभामंडल यांच्या आकारातला हा फरकच सांगतो की दोन्ही एकाच मालाची नाहीत. विद्यार्थ्यांना शिकवताना मी भ्रमणवेगाचा आलेख दाखवतोच, पण मन लावून समजावतो ते हे.

आता तुझ्या कल्पनेचा खरा ठरलेला भाग. प्रभामंडलात तप्त आयनीभूत वायू आहे. लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्येच त्याचं भाकीत केलं होतं. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींना दूरच्या क्वेसारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या, प्रकाशात जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या शोषणरेषा सापडल्या. त्या दहा-वीस लाख केल्व्हिनच्या वायूशिवाय उमटत नाहीत. म्हणजे हायड्रोजनचा नुसता प्रोटॉन गप्प राहिला तरी त्याच्यासोबतचा ऑक्सिजन बोलतो! शिवाय आकाशगंगेजवळच्या छोट्या दीर्घिकांत थंड हायड्रोजन जवळजवळ उरलेला नाही, लांबच्यांत मात्र आहे. प्रभामंडलातून जाताना तिथल्या वायूच्या दाबाने तो खरवडून निघाला, हे त्याचं पटणारं कारण आहे. त्यावरून ५०-१०० किलोपार्सेकवर दर घन सेंटीमीटरला ०.०००१ च्या आसपास कण असावेत असं दिसतं. इतक्या विरळ वायूला थंड व्हायला शेकडो कोटी वर्षं लागतात, म्हणून तो टिकून आहे.

हा वायू एका वेगळ्याच हरवलेल्या हिशोबाचं उत्तर आहे. विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणावरून, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या क्षीण प्रारणावरून, प्लँक उपग्रहाने काढलं, की विश्वात कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे ५.४ पट आहे. तेच प्रमाण आकाशगंगेला लावलं तर एक लाख कोटींतले सोळा हजार कोटी सूर्य साध्या द्रव्याचे हवेत. तारे आणि थंड वायू मिळून जेमतेम सात हजार कोटी भरतात. उरलेले नऊ हजार कोटी कुठे गेले? त्यातला मोठा वाटा या तप्त वायूत असावा, आणि काही भाग आकाशगंगेच्या बाहेर फेकला गेला असावा. तप्त वायूचे अंदाज दोन हजार कोटींपासून दहा हजार कोटींपर्यंत जातात, कारण तो किती लांबवर पसरला आहे ते धरण्यावर सगळं अवलंबून आहे. तुझ्यासारख्यांना या विषयात काम करायचं असेल तर करण्यासारखं काम इथे आहे. दोन हरवलेल्या गोष्टी आहेत, पहिली कृष्णद्रव्य आणि दुसरी हे हरवलेलं साधं द्रव्य. दोन्हींना लोक 'न दिसणारं वस्तुमान' म्हणतात आणि वाचणाऱ्याची गल्लत होते. आयनीभूत वायूने दुसरीची भरपाई होते. पहिली तिच्या कित्येक पट मोठी आहे.

आणखी एक दार बंद आहे, ते थोडक्यात सांगतो. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, किती तयार झालं हे त्या वेळी प्रोटॉन-न्यूट्रॉन किती होते यावर ठरतं. आज मोजलेलं ड्युटेरियम प्लँकच्या आकड्याशी जुळतं. साधं द्रव्य पाचपट जास्त असतं तर ड्युटेरियम बरंच कमी उरलं असतं. त्यामुळे वायू आयनीभूत असो, गोठलेला असो की विझलेल्या ताऱ्यांत दडलेला असो, प्रोटॉन-न्यूट्रॉनचं बनलेलं काहीही कृष्णद्रव्याची जागा भरू शकत नाही. बुलेट समूहात २००६ मध्ये हेच चित्ररूपात दिसलं. दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून गेले, क्ष-किरणांत दिसणारा तप्त वायू आपटून मध्ये अडकला आणि गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे मागून येणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून, दाखवलेलं वस्तुमान वायूला मागे सोडून पुढे गेलं. गुरुत्वाकर्षणाचे नियमच बदलून पाहणारे लोक आहेत, त्यांचं काम मी आदराने वाचतो. एकेका दीर्घिकेत त्यांची समीकरणं सुरेख चालतात, पण बुलेट समूह आणि पार्श्वभूमी प्रारण यांच्यापाशी ती अडतात.

कृष्णद्रव्य म्हटलं की लोकांना वाटतं, आपल्या आजूबाजूला ते खच्चून भरलं असेल. पृथ्वीएवढ्या आकारमानात एका क्षणी ते पाऊण किलोच्या आसपास असतं. अख्ख्या पृथ्वीत पाऊण किलो! सूर्याच्या परिसरात तारे आणि वायू मिळून कृष्णद्रव्याच्या आठ-नऊपट वस्तुमान आहे. कृष्णद्रव्याचं वजन भरतं ते त्याने व्यापलेल्या अफाट जागेमुळे. म्हणून ग्रहांच्या कक्षांवर त्याचा परिणाम जाणवत नाही आणि म्हणूनच जमिनीखालच्या शोधकयंत्रांचं काम इतकं कठीण आहे. आपल्याकडे झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे. जगात कुठेही अजून खात्रीचा कण सापडलेला नाही.

शेवटचा प्रश्न, नागपुरात राहून काय मोजता येईल. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेषा घराच्या गच्चीवरून मोजता येते, आणि ढगांतून, दिवसाउजेडी, भर पावसाळ्यातही येते. दुर्बिणीवाल्यांचे जून ते सप्टेंबर वाया जातात, तुझे जाणार नाहीत. पुठ्ठ्याला किंवा थर्माकोलला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून कर्ण्यासारखा शिंगाकृती अँटेना करायचा. तोंड साधारण ७५ बाय ६० सेंटीमीटर. मागे पत्र्याचा आयताकृती डबा, आतून १६.५ बाय ८ सेंटीमीटरच्या आसपास. डब्यात रुंद बाजूच्या मधोमध, मागच्या पत्र्यापासून सुमारे ७ सेंटीमीटरवर, ५ सेंटीमीटर लांबीची तांब्याची तार उभी करायची. तारेला लगेच १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला लो-नॉइज ॲम्प्लिफायर जोडायचा, मध्ये लांब केबल अजिबात ठेवायची नाही. मग टीव्ही पाहायला वापरतात तसला यूएसबी डोंगल आणि लॅपटॉप. डोंगल एका वेळी दोन मेगाहर्ट्झहून थोडा जास्त पट्टा पाहतो. सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने रेषा अर्ध्या मेगाहर्ट्झहून किंचित कमी सरकते, म्हणजे आकाशगंगेतले सगळे वेग त्यात मावतात.

ऑगस्टअखेर रात्री नऊच्या सुमारास श्रवणाचा तारा दक्षिणोत्तर रेषेवर उंच असतो, आणि आकाशगंगेचा पट्टा दक्षिणेला धनुपासून वर हंसापर्यंत उभा असतो. आकाशगंगेच्या केंद्रापासून मोजलेलं रेखांश २० ते ७० अंश असा भाग घे. प्रत्येक दिशेला काही मिनिटं नोंद कर, मग अँटेना जमिनीकडे रोखून तेवढाच वेळ नोंद घे आणि पहिलीला दुसरीने भाग दे. हे केल्याशिवाय ॲम्प्लिफायरचा स्वतःचा चढउतारच रेषा म्हणून दिसतो. शेजारच्या मोबाइल टॉवरच्या सुयाही दिसतील. त्या अगदी अरुंद असतात आणि अँटेना फिरवला तरी आलेखावरची जागा बदलत नाहीत, त्यावरून ओळखायच्या. पृथ्वीच्या आणि सूर्याच्या स्वतःच्या गतीची वजाबाकी करून मग रेषेची सर्वांत वेगवान कड वाच. ३० अंशांवर ती १०० च्या आसपास येईल. सूर्याचा वेग २३० धर, त्याला रेखांशाच्या साइनने गुणून त्यात ही कड मिळव: ११५ अधिक १००, म्हणजे २१५ किलोमीटर प्रति सेकंद. हा केंद्रापासून ४.१ किलोपार्सेकवरचा भ्रमणवेग. अँटेनाची नजर पंधरा-वीस अंश रुंद असल्यामुळे दहा-वीस किलोमीटरचा फरक पडेल, त्याने बिचकू नकोस.

असे सहा-सात बिंदू मांडलेस की आलेख जवळजवळ सपाट येईल. पण एवढ्यावर 'आम्ही गच्चीवरून कृष्णद्रव्य शोधलं' असं प्रकल्पाच्या अहवालात लिहू नकोस. ही पद्धत सूर्याच्या कक्षेच्या आतच चालते आणि तिथे ताऱ्यांचा आणि वायूचा वाटाच मोठा आहे. तुझ्या आलेखाशेजारी सेफीड ताऱ्यांचे बाहेरचे प्रकाशित बिंदू मांड, आणि सात हजार कोटी सूर्यांच्या वस्तुमानाने ८ किलोपार्सेकच्या पुढे वेग कसा उतरायला हवा होता ती रेघही काढ. आयनीभूत वायूसाठी वेगळा प्रकल्प हवा असेल तर स्पंदकांची यादी सगळ्यांना खुली आहे. गोलाकार गुच्छांतले स्पंदक निवड, त्यांची इलेक्ट्रॉनांची बेरीज चकतीपासूनच्या उंचीपुढे मांड आणि बेरीज कुठे थांबते ते बघ. तो आलेख झाला की मला पाठव, त्यातल्या थराची जाडी आपण मिळून काढू.